कॉन्ट्राचे पाठभेद

जपानी कॉन्ट्रात झाडं हलतात. पहिल्या टप्प्यातल्या जंगलाची पानं मागे सारखी डुलत असतात, पाचव्या टप्प्यात बर्फ भुरभुरत राहतं आणि दोन टप्प्यांच्या मध्ये बेटाचा नकाशा पडद्यावर येतो. याच व्हिडिओ गेमच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रतीत यातलं काहीच नाही. झाडं जागच्या जागी थिजलेली, बर्फ फक्त जमिनीवर, नकाशाचा पत्ता नाही. शत्रू मात्र तेच, बंदुका त्याच, उड्याही त्याच.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्या आवृत्तीत एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तो डोळ्यांत खुपतो, अशी ही नोकरी. त्यामुळे भाच्याने निन्टेन्डो स्विच माझ्या हातात देऊन, "आत्या, हा घे तुझा आणि बाबांचा कॉन्ट्रा," म्हटलं, तेव्हा मी खेळ बाजूला ठेवून यादीच वाचत बसले. यादीत एकच खेळ दोनदा होता, एकदा अमेरिकी आणि एकदा जपानी. दुसरे काही खेळ वेगवेगळ्या नावांनी आले होते. भाच्याला ही पुनरुक्ती वाटत होती. मला त्यात संपादकाचा हात दिसत होता.

हा संच म्हणजे 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन'. कोनामी ही जपानी कंपनी १९६९ साली ओसाकात सुरू झाली आणि ज्यूकबॉक्स भाड्याने देणं, दुरुस्त करणं या धंद्यातून खेळांकडे वळली. २०१९ साली पन्नाशीनिमित्त तिने जुन्या खेळांचे तीन संच काढले. एप्रिलमध्ये आर्केडच्या खेळांचा, मे महिन्यात 'कॅसलव्हेनिया'चा आणि ११ जून रोजी कॉन्ट्राचा. किंमत १९.९९ डॉलर. जुना खेळ नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालवण्याचं काम एम टू या जपानी कंपनीकडे होतं. या विषयातलं तिचं नाव फार मोठं आहे. संचात दहा खेळ होते आणि सोबत कॉन्ट्राच्या इतिहासाचं डिजिटल पुस्तक. पुढे मोफत अपडेट आला आणि उरलेल्या खेळांच्या जपानी आवृत्त्याही त्याच संचात दाखल झाल्या.

अपडेट म्हटलं की आपल्या डोक्यात दुरुस्ती येते. काहीतरी बिघडलं होतं, ते नीट केलं. या अपडेटने तसलं काही केलं नाही. त्याने एका खेळाशेजारी त्याच खेळाची दुसरी प्रत आणून ठेवली. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी कित्येक दशकं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शारदा लिपीतल्या पोथ्या, मल्याळम लिपीतल्या पोथ्या, उत्तरेची परंपरा, दक्षिणेची परंपरा, कुठल्या पोथीत कुठला श्लोक कसा आहे, हे सगळं पानाखाली नोंदलेलं. गोळ्या झाडण्याच्या खेळापुढे महाभारत आणून ठेवणं आमच्या क्षेत्रातल्या काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, पण कामाची जात एकच. प्रांत बदलला की पाठ बदलतो, आणि का बदलला हे शोधलं की त्या प्रांताचा इतिहास हाती येतो.

मूळ प्रत आर्केडची, म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायच्या मोठ्या पेटीतली. फेब्रुवारी १९८७. पळत पळत गोळ्या झाडायच्या खेळांचे ते भरभराटीचे दिवस होते. कॅपकॉमचा 'कमांडो' १९८५चा, एसएनकेचा 'इकारी वॉरियर्स' १९८६चा. कोनामीच्या खेळात दोन जण एकजुटीने लढतात. बिल रायझर आणि लान्स बीन हे उघड्या दंडांचे दोन गडी म्हणजे त्या काळच्या हॉलिवूडच्या मारधाडपटांतून उचललेले. नाव निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांची आठवण करून देणारं, ज्यांना अमेरिकी सरकारने गुपचूप पैसा पुरवल्याचं प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्येच बाहेर फुटलं होतं. आर्केडच्या शेवटी वाजणाऱ्या धूनचं नाव तर 'सँडिनिस्ता' आहे. म्हणजे बंडखोरांचं नाव शीर्षकाला आणि त्यांच्या शत्रूचं नाव समाप्तीला. या पेटीचा पडदा उभा होता. स्विचच्या आडव्या पडद्यावर तो चिंचोळा होऊन मधोमध उभा राहतो आणि दोन्ही बाजूंची जागा रिकामी पडते. भाच्याने, "हे मोठं कर ना," म्हणून बटणं दाबली. मोठं करणं म्हणजे चित्र ताणणं, माणसं जाडी होणं. राहू दे, म्हटलं.

मग फेब्रुवारी १९८८ मध्ये घरच्या यंत्रासाठी कॉन्ट्रा आला आणि इथून वाटा फुटल्या. निन्टेन्डोचं यंत्र जपानात फॅमिकॉम या नावाने १९८३ पासून विकलं जात होतं, अमेरिकेत तेच १९८५ पासून एनईएस या नावाने. आतला मेंदू सारखाच, पण खेळाच्या कार्ट्रिजचा सांधा वेगळा, जपानात ६० पिनांचा आणि अमेरिकेत ७२. त्याहून महत्त्वाचा फरक होता परवानगीचा. जपानात कोनामीला कार्ट्रिजमध्ये स्वतःची खास चिप घालता येई. कॉन्ट्रात तिने व्हीआरसी टू नावाची चिप घातली. प्रोग्रामला १२८ किलोबाइट आणि चित्रांना वेगळे १२८ असा ऐसपैस संसार. चिप डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्रांचे तुकडे बदलते, म्हणून पानं हलतात. अमेरिकेत कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवून देई आणि बाहेरच्या कंपनीची चिप चालवून घेत नसे. तिथे कोनामीच्या वाट्याला साधा बोर्ड आणि सगळं मिळून १२८ किलोबाइट आले. जागा निम्मी झाल्यावर संपादक काय करतो? मजकूर शाबूत ठेवतो आणि वेलबुट्टी काढून टाकतो. झाडं हलायची थांबली, नकाशे गेले, पण एकही शत्रू कमी झाला नाही. संक्षेप कसा करावा याचा हा नमुना मी कुठल्याही नवशिक्या संपादकाला दाखवीन.

कथाही बदलली. जपानी कॉन्ट्रा घडतो २६३३ साली, न्यूझीलंडजवळच्या गालुगा नावाच्या कल्पित द्वीपसमूहात. अमेरिकी पुस्तिकेने काळ चालू वर्तमानात आणला आणि जागा दक्षिण अमेरिकेच्या जंगलात. पडद्यावरचं जंगल तेच, पत्ता मात्र निराळा.

युरोपात १९९० साली माणसंच गेली. तिथे खेळ 'प्रोबोटेक्टर' नावाने आला आणि बिल-लान्सच्या जागी दोन यंत्रमानव आले, शत्रूही बरेचसे यंत्रमानव झाले. जर्मनीत मुलांना अपायकारक ठरणाऱ्या साहित्याची सरकारी यादी असे. त्या यादीत गेलेल्या मालाची जाहिरात करता येत नसे, तो दुकानात उघड मांडताही येत नसे. माणसांवर गोळ्या झाडण्याची अडचण लोखंडावर गोळ्या झाडून सुटली. संचात सुपर निन्टेन्डोचा 'सुपर प्रोबोटेक्टर' आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हवरचा 'प्रोबोटेक्टर' असे दोन युरोपी पाठ पहिल्यापासून आहेत. एकाच प्रसंगात माणूस कोसळताना कसा दिसतो आणि यंत्र कसं, हे शेजारी शेजारी लावून बघता येतं. भाच्याला रोबोटच आवडले.

सगळ्यात जिव्हारी लागणारा पाठभेद १९९४च्या 'हार्ड कोअर' या भागात आहे. याचा दिग्दर्शक नोबुया नाकाझातो, ज्याने १९९२चा 'कॉन्ट्रा थ्री'ही केला. जपानी प्रतीत एका जिवाला तीन फटके सोसता येतात आणि हरल्यावर हवं तितक्यांदा पुन्हा सुरू करता येतं. अमेरिकी प्रतीत एका फटक्यात जीव जातो आणि पुन्हा सुरू करण्यालाही मर्यादा. शत्रू तेच, मैदान तेच, आकडा तेवढा बदलला, आणि अमेरिकेत हा खेळ छळवाद म्हणून गाजला. पंचवीस वर्षांनी अपडेटबरोबर जपानी प्रत हाती आली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की बनवणाऱ्याने खेळ इतका निर्दय ठेवलेलाच नव्हता. २०२४च्या 'ऑपरेशन गालुगा' या नव्या कॉन्ट्राने तर हा वादच खेळणाऱ्यावर सोपवला. एका फटक्यात मरायचं की सोसत जायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता आमच्या पाठाकडे येते.

आमचं घर इचलकरंजीचं. मागे यंत्रमागांचा खडखडाट आणि पुढच्या खोलीत टीव्ही. निन्टेन्डोचं अस्सल यंत्र भारतात सामुराई या नावाने विकायला आलं होतं खरं, पण आमच्या गल्लीत ते कुणी पाहिलं नाही. आमच्याकडे होता तो 'टीव्ही गेम'. फॅमिकॉमची नक्कल, तैवान-चीनच्या बाजूने आलेली, कधी लिटल मास्टर तर कधी आणखी कुठल्या नावाने विकलेली. कार्ट्रिज हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, ती कॅसेट. कॅसेटवर ९९९९ इन १ असं छापलेलं असे. मेन्यूत खाली खाली गेलं की तेच वीसेक खेळ पुन्हा भेटत. कॉन्ट्रा अनेक ठिकाणी असे. कुठे पहिल्या टप्प्यापासून, कुठे धबधब्यापासून, कुठे सुरुवातीलाच हातात एस बंदूक, जिच्यातून पंख्यासारख्या पाच गोळ्या सुटतात. आणि जीव तीस.

या तीसचा इतिहास सांगण्यासारखा आहे. मूळ खेळात जीव तीनच. काझुहिसा हाशिमोतो नावाचा कोनामीचा प्रोग्रामर १९८६ साली 'ग्रेडियस' हा खेळ फॅमिकॉमवर आणत होता. तपासणीसाठी खेळ शेवटपर्यंत खेळायला हवा आणि त्याला तो झेपेना. म्हणून त्याने स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. खेळ बाजारात गेला तेव्हा ती काढायची राहून गेली. पुढे कॉन्ट्रात हीच कळ दाबली की तीन जिवांचे तीस होऊ लागले, आणि अमेरिकेतल्या पोरांनी ती पाढ्यासारखी पाठ केली. हाशिमोतो २०२० साली गेला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी ही कळ लिहून छापली.

आम्हाला ही कळ माहीतच नव्हती, कारण तिची गरजच पडली नाही. तैवानमध्ये किंवा चीनमध्ये बसलेल्या कुणा अनामिकाने प्रोग्राममधला आकडा आधीच बदलून ठेवला होता. चोरीचा माल तर खराच. पण त्या चोराने नुसती नक्कल केली नाही, संपादनही केलं. तीन जिवांचा कॉन्ट्रा हा मरणाचा खेळ आहे. प्रत्येक पाऊल जपून टाकायचं, सोबत्याने चुकीची उडी मारली तर त्याच्यावर डाफरायचं. तीस जिवांचा कॉन्ट्रा हा शेवटपर्यंत पोचण्याचा खेळ झाला. दादा धबधब्याच्या टप्प्यात भराभर वर चढायचा. पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी पडद्याच्या कडेला लागून मरायचे. तीन जिवांत यावर मारामारी झाली असती. तीसमध्ये मी फक्त, "अरे थांब की रे," म्हणायचे आणि पुन्हा उगवायचे. लहान बहिणीला सोबत घेऊन खेळणं परवडावं, एवढी ऐपत त्या आकड्याने आमच्या घराला दिली.

आमची प्रत कुठल्या घराण्यातली, हे ताडता येतं. आमच्या कॅसेटमध्ये दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा कधी आला नाही, झाडं हलली नाहीत. म्हणजे पिनांचा सांधा जपानी, पण पाठ अमेरिकी. नकलाकाराच्या बाजूने पाहिलं तर हेच शहाणपणाचं. खास चिप नको, जागा निम्मी पुरते, एका कॅसेटमध्ये आणखी खेळ कोंबता येतात. वेलबुट्टी गाळलेली आवृत्ती स्वस्तात पुनर्मुद्रित होते, हे पुस्तकांनाही लागू आहे.

आणखी एक फरक मला दिसला नव्हता, तो दादाने ऐकला. तो इचलकरंजीतच असतो, माग त्यानेच सांभाळले, आणि मागाची गती तो न बघता कानावर सांगतो. स्विचवर पहिला टप्पा सुरू झाला तसा तो म्हणाला, "ह्ये लई पळाय लागलंय." भाचा म्हणाला, "बाबा, काहीतरीच! ओरिजिनल स्पीड आहे हा." दोघांचंही बरोबर होतं. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढत, आपले पाल पद्धतीचे ५० वेळा. कॉन्ट्रासारख्या खेळाची चाल प्रत्येक चित्राबरोबर एक पाऊल अशी बांधलेली असते. साहजिकच पाल टीव्हीसाठी केलेल्या नकली यंत्रावर तो सहाव्या हिश्शाने संथ चाले. गाणंही त्याच मापात संथ होई. मजा अशी की या यंत्रांतल्या चिपचा मूळ ठेका जपानी यंत्राच्या अगदी जवळ राखलेला होता. म्हणून सूर खाली उतरला नाही, फक्त लय विलंबित झाली. युरोपातल्या अस्सल पाल यंत्रात सूरही उतरतो. म्हणजे मूळ सुरातला, संथ लयीचा कॉन्ट्रा हा नकली यंत्रांचाच पाठ. रशियात अशाच यंत्राला डेंडी म्हणत, तिथल्या पोरांनीही हाच ऐकला. आमच्या पिढीला कॉन्ट्रा थोडा सोपा वाटला, त्यात तीस जिवांइतकाच या संथपणाचाही वाटा आहे.

संचात हा पाठ नाही आणि कुठल्या अपडेटने तो येणारही नाही. कोनामीने स्वतःच्या खेळाची चोरटी प्रत स्वतःच का विकावी? कायद्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. पण मग ज्याला अधिकृत इतिहास म्हणून डिजिटल पुस्तकासकट विकलं जातं, त्यात तीन प्रांत उरतात. जपान, अमेरिका, युरोप. भारत, रशिया, चीन यांसारख्या देशांत ज्यांनी टीव्हीवर कॉन्ट्रा खेळला, ते वाचक होते, पण त्यांची आवृत्ती यादीत नाही. शिवाय संचाचंही वय यंत्राइतकंच. निन्टेन्डोने वी यंत्राचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केलं, थ्रीडीएस आणि वी यू यांचं मार्च २०२३ मध्ये. अपडेट ज्या तारेने येतो ती तार कधीतरी काढली जाते.

आमची कॅसेट घरी माळ्यावर होती. पेचकसाने एक स्क्रू काढला आणि ती उघडली. पिवळ्या प्लास्टिकच्या डबीत निम्मी जागा पोकळ. तळाशी बोटभर रुंदीचा हिरवा बोर्ड, एका कडेला तांब्याच्या पट्ट्या आणि मधोमध काळ्या डांबरी दिसणाऱ्या रेझिनचा वाटोळा थेंब. चिप त्या थेंबाखाली उघडीच चिकटवलेली असते. वर कंपनीचं नाव नाही, क्रमांक नाही, साल नाही. कुठल्याही रद्दीतल्या पुस्तकाला निदान मुद्रक-प्रकाशकाचं पान असतं. इथे काम करणाऱ्याने स्वतःचा मागमूस मुद्दाम ठेवलेला नाही.

तरी नोंद झालेली आहे, ती हौशी लोकांनी केली. जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्यांनी १९९०च्या दशकात कार्ट्रिजच्या बोर्डांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, म्हणजे कुठला खेळ कुठल्या जोडणीवर चालतो ते प्रोग्रामला कळावं. अमेरिकी कॉन्ट्राचा बोर्ड त्या यादीत २ क्रमांकावर आहे, जपानी कॉन्ट्राचा २३वर. आणि १५ क्रमांक दिलेला आहे '१०० इन १ कॉन्ट्रा फंक्शन १६' या चोरट्या कॅसेटच्या जोडणीला. अस्सल-नक्कल असे दोन रकाने त्या यादीत नाहीत. जे होतं ते लिहून ठेवलं, इतकंच. भांडारकर संस्थेच्या पंडितांनीही पोथी कुणी कुठून पळवली यापेक्षा तिच्यात काय लिहिलंय हेच आधी पाहिलं असतं, असं मला वाटतं.

आपल्याकडच्या कॅसेटी आता भंगारात चालल्या आहेत. घर रिकामं करताना, माळा साफ करताना, जुन्या वायरींबरोबर त्या किलोवर जातात. कुणाकडे असतील तर टाकण्याआधी एवढं करावं. वरचं लेबल नीट दिसेल असा फोटो काढावा. स्क्रू काढून बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, कोपऱ्यात बारीक अक्षरं असतील तर ती टिपावीत. यंत्र चालू असेल तर मेन्यूची पानं ओळीने उतरवावीत, कॉन्ट्रा किती वेळा आलाय आणि प्रत्येक ठिकाणी जीव किती मिळतात तेही लिहावं. ती कुठून घेतली, पुण्यात तपकीर गल्लीतून, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून की गावच्या जत्रेतून, आणि साधारण कुठल्या साली, हे आई-वडिलांना आजच विचारून घ्यावं. त्यांना किंमतही आठवत असते.